मान वाकवून एक ग्लास पाणी

नागपूर, ८ जानेवारी

जयवंता,

आशीर्वाद. नऊ वर्षांत तुले पहिलं पत्र लिहून राहिलो. सुरुवात कशी करावी हे विसरलो आहे, तू समजून घे.

मिनलच्या लग्नाची पत्रिका मिळाली. सहा मार्च. मी माझ्या भाचीले शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. पत्रिकेत तू ठेवलेली चिठ्ठीही वाचली. मामा म्हणून मिनलच्या मागं तूच उभा राहा, पण आधी माझ्या घरी येऊन सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पी, नाही पिलास तर मांडवात पाय ठेवू नको, असं तू लिहिलं. तुझा हक्क आहे वं. तुझ्या घराच्या वास्तुशांतीले मीच तर बोललो होतो, की या घरच्या पाण्याचा थेंब घशाखाली उतरवणार नाही. ते चाळीस माणसांनी ऐकलं आहे.

फोन काहून नाही केला, म्हणशील. एक तर तुझा फोन आमचे जवाई वामनराव उचलतात. दुसरं म्हणजे माझा घसा थोडा बसला आहे. चाळीस वर्षं कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचा लिलाव पुकारला, बसणारच. काही विशेष नाही.

पाण्याबद्दल मात्र थोडं विचारायचं होतं. ग्लासभरच पाहिजे काय? चमच्यानं घेतलं तर चालेल काय? घट्ट पाणी चालेल काय? तुले विचित्र वाटेल, पण उत्तर दे.

तुझा भाऊ,
चंद्रभान

ता. क. पाहुण्यांसाठी लहान ग्लास असतात ना तुझ्याकडे, तो एखादा?


नागपूर, २० जानेवारी

जयवंता,

उत्तर मिळालं. आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, सरळ दोन प्रश्न. घट्ट पाणी म्हणजे काय, आणि तू दवाखान्यात होतास हे मले सावनेरच्या बाजारात परक्या बाईकडून काहून समजते? तू रागात लिहिलं की तुझी अक्षरं अजूनही उजवीकडे पडतात.

बरं बाई, सांगतो. नोव्हेंबरात एका सकाळी तर्री-पोहे खाऊन राहिलो होतो. घास गिळला, आणि तो गेला भलतीकडेच. खोकता खोकता पोह्याचा एक दाणा नाकातून आला. तुझ्या प्रेमलता वहिनीले वाटलं मी मस्करी करून राहिलो. मग तिले दिसलं की माझी डावी पापणी खाली आली आहे, अन् तिनं रिक्षा बोलावली. मेंदूच्या मागच्या भागात लहानसा झटका आला होता. अकरा दिवस नाकातून नळी. डॉक्टर म्हणे, काका, तुम्ही नशीबवान आहात, हात चालला, पाय चालला, डोकं चाललं, फक्त गिळणं गेलं. नागपुरातल्या माणसाचं गिळणं गेल्यावर राहिलं काय, हे त्या डॉक्टरले कोणी सांगावं.

तुले कळवलं नाही. प्रेमलता रोज म्हणत होती, जयवंताले सांगू. मीच नाही म्हटलं. नळी लावलेला भाऊ पाहून तू रडली असतीस, अन् वामनराव बाजूले उभे राहिले असते. मले ते दृश्य नको होतं.

आता धरमपेठेत एक सोनिका मॅडम आहेत, त्या गिळायले शिकवतात. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गिळायचा क्लास लावला आहे मी. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा गळा आहे, मधोमध उभा कापलेला. पुढं श्वासनळी, मागं अन्ननळी. अन्ननळीच्या तोंडाशी एक आडवा स्नायू असतो, पट्ट्यासारखा. त्याचं नाव क्रिकोफॅरिंजियस. एवढं नाव घेईपर्यंत घास थंड होईल, म्हणून मी त्याले दरवान म्हणतो. हा दरवान दिवसभर दार आवळून बसते. हवा पोटात जाऊ नये आणि पोटातलं वर येऊ नये म्हणून. आपण गिळलं की हनुवटीखालचे स्नायू गळ्याच्या घाटीले वर आणि पुढं ओढतात. घाटीवर बोट ठेवून थुंकी गिळून पाहा, उडी मारते की नाही. त्याच वेळी श्वासनळीवर झाकण पडते आणि दरवान सैल होते. अर्धा-पाऊण सेकंद. घास आत, दार पुन्हा बंद.

माझं दुखणं असं, की हनुवटीखालचे स्नायू ढिले पडले, घाटी उशिरा उडते आणि दरवान पुरता सैल होत नाही. मॅडम म्हणे, बाकीचे स्नायू आवळले की काम करतात, हा सोडून दिलं की करतो. मी म्हटलं, असा हमाल आमच्या मार्केटात एक दिवस टिकला नसता. तुझी वहिनी बाजूलेच बसली होती. ती म्हणे, मॅडम, यांचा स्वभावच तसा आहे, आवळून धरणं जमते, सोडणं नाही. दोघी हसल्या. मले हसता येत नाही, ठसका लागते.

आता पाण्याचं. तुले वाटेल भाकर कठीण आणि पाणी सोपं. उलटं आहे. भाकरीचा मऊ काला सावकाश जाते, घाटीले उडायले वेळ देते. पाणी थांबते काय? दार उघडायच्या आधीच धावत येते आणि श्वासनळीत घुसते. म्हणून माझ्या पाण्यात एक पावडर टाकून ते घट्ट करतात. पिठल्यासारखं होते. मग ते चमच्यानं खायचं. नोव्हेंबरपासून मी पाणी प्यालो नाही जयवंता, पाणी जेवलो.

तर तू मले नेमकी तीच गोष्ट करायले सांगितली आहे जी माझ्याच्यानं होत नाही. मुद्दाम सांगितली असं मी म्हणत नाही.

चंद्रभान


नागपूर, ९ फेब्रुवारी

जयवंता,

तू पाठवलेली बोरं मिळाली. मले खाता येत नाहीत, प्रेमलतानं माझ्यासमोर बसून खाल्ली. 'पावडर टाकून पी, मले चालते,' असं तू लिहिलं, वाचून बरं वाटलं. पण मले नाही चालत. वामनरावांच्या सगळ्या सोयऱ्यांसमोर मी वाटीत पाणी कालवून चमच्यानं खाऊ काय? शपथ घेतली तेव्हा ग्लास होता, सोडताना ग्लासच पाहिजे. सोनिका मॅडमले मी स्पष्ट सांगितलं, मले पाच मार्चले सावनेरले साधं पाणी प्यायचं आहे, जे करायचं ते करा.

त्यांनी व्यायाम दिले. जमिनीवर उताणं झोपायचं, उशी नाही. खांदे न उचलता फक्त डोकं उचलायचं आणि पायाचे अंगठे पाहायचे. एक मिनिट तसंच धरायचं. असं तीनदा. मग तीस वेळा नुसतं वर-खाली. हे दिवसातून तीन वेळा. यानं हनुवटीखालचे स्नायू तयार होतात. मी मोजतो लिलावासारखं, एक बार, दोन बार, तीन बार, आणि तीन बारले डोकं खाली सोडतो. पहिल्या दिवशी शेजारच्या सुमतीबाई साखर मागायले आल्या, मी हॉलमध्ये आडवा, मान ताठ, तोंड लाल. त्यांनी साखर न घेताच प्रेमलताले विचारलं, कोणाले बोलवायचं आहे काय?

दुसरा व्यायाम म्हणजे गिळता गिळता मधीच थांबायचं. घाटी वर गेली की तिले तिथंच दोन सेकंद अडवून ठेवायचं, म्हणजे दरवानाले जास्त वेळ सैल राहावं लागते. मले आधी वाटलं हे जमणारच नाही. मग ध्यानात आलं, बोलता बोलता शब्द मधीच गिळायची सवय मले फार जुनी आहे.

आता खरी गोष्ट. काल गिळण्याचा एक्स-रे झाला. पांढरं औषध मिसळलेलं पाणी प्यायचं आणि ते कुठं जाते ते पडद्यावर दिसते. सरळ मानेनं प्यालो, थोडं श्वासनळीकडे गेलं. मॅडम म्हणे, आता मान एका बाजूले वळवून पिऊन पाहा, काही लोकांले त्यानं जमते. मले मनातून आनंद झाला. तोंड फिरवून पाणी पिणं म्हणजे माझ्यासाठीच केलेली सोय. वामनराव उजवीकडे बसले की मी डावीकडे पाहून पिऊन टाकीन. वळवली मान. तरी गेलं.

मग त्या म्हणाल्या, हनुवटी छातीले लावा. पूर्ण खाली. आता प्या.

प्यालो. पाणी सरळ अन्ननळीत. एक थेंब इकडंतिकडं नाही. डॉक्टर खुश, मॅडम खुश, प्रेमलतानं हात जोडले. माझं तोंड पाहून मॅडम म्हणे, काका, चांगली बातमी आहे. मी म्हटलं, तुमच्यासाठी.

तुले समजलं ना काय झालं ते? मले साधं पाणी पिता येते, पण मान खाली घालूनच. वामनरावांच्या घरी, वामनरावांसमोर, चाळीस माणसांत. घरी आरशासमोर करून पाहिलं. आंबे चोरताना धरलेल्या पोरासारखा दिसतो मी. लोक काय समजतील? चंद्रभानानं माफी मागितली. नऊ वर्षांनी का होईना, जवायापुढं वाकला. आणि मी काही माफी मागायले येऊन राहिलो नाही, मी पाणी प्यायले येऊन राहिलो, हे ध्यानात ठेव.

म्हणून विचारतो. मी प्यायच्या वेळेले वामनराव जरा बाहेर जातील असं काही करता येईल काय? आचाऱ्याकडे, मांडववाल्याकडे, कुठंही. पाच मिनिटं पुरतात. नाहीतर मी मोठा फेटा बांधून येतो, फेट्यात मान किती वाकली ते दिसत नाही. प्रेमलताले हे सांगितलं तर ती म्हणे फेटा ग्लासात पडेल.

चंद्रभान


नागपूर, १९ फेब्रुवारी

जयवंता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वामनराव कुठंही जाणार नाहीत, पाणी तेच आपल्या हातानं देतील, आणि मान वाकवायचं डॉक्टरचं कारण तू त्यांले सांगून टाकलं आहे, असं तू लिहिलं. ते ऐकून ते हसले नाहीत, हेही लिहिलं. हसले असते तर बरं झालं असतं.

शेवटी तू विचारलं, 'भाऊ, खरं सांग, एवढं झालं काय होतं त्या दिवशी मार्केटात?' नऊ वर्षांत तू हे पहिल्यांदा विचारून राहिली. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

त्या मार्चात वामनरावांच्या बगीच्यातला माल माझ्याकडे लिलावाले आला होता. एका टेंपोत मले दिसलं, वर जाडी फळं मांडलेली आणि खाली बारकी भरलेली. व्यापाऱ्यांले फसवायचा जुना प्रकार. माझी सवय तुले माहीत आहे, घरचं-बाहेरचं पाहत नव्हतो. मी भर लिलावात ओरडलो, हा माझ्या जवायाचा माल आहे, वरचं पाहू नका, खाली हात घाला. सगळं मार्केट हसलं. वामनराव तिथंच उभे होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

आठ दिवसांनी तुझ्या घराची वास्तू. मी आलो, त्यांनी सगळ्यांसमोर मले पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, 'खाली हात घालून पाहून घ्या भाऊ, वरचं पाणी चांगलं अन् खालचं खराब असंल.' तेव्हा मार्केट हसलं होतं, आता सोयरे हसले. मी ग्लास खाली ठेवला आणि ते बोललो. इथपर्यंत तुले माहीतच आहे.

यानंतरचं तुले माहीत नाही. प्रेमलतालेही नाही. वर्षभरानं आपला जुना हमाल भैयाजी काम सोडून गावी चालला होता, मले भेटायले आला. बोलता बोलता म्हणे, मालक, त्या दिवशी तुम्ही ओरडलात तो टेंपो वामनरावांचा नव्हता. त्यांचा बाजूले होता, तसाच निळा. तो दुसऱ्याचा होता. मी तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही पुकारताना मधी बोललेलं तुम्हाले आवडत नाही.

वामनरावांचा माल वरपासून खालपर्यंत एकसारखा होता जयवंता. मी मार्केटात तुझ्या नवऱ्याले लबाड ठरवलं, तो लबाड नव्हता. हे मले आठ वर्षांपासून माहीत आहे. आठ वर्षं मी रोज म्हणत आलो, उद्या सावनेरले जाऊ. मले लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पहिल्या महिन्यात गेलो असतो तर चूक झाली म्हटलं असतं आणि मिटलं असतं. आठ वर्षांनी चूक म्हणता येत नाही.

हे तुझ्याजवळच ठेव. वामनरावांले सांगू नको, तुले माझी शपथ. शपथांचं माझं नशीब तुले माहीत आहे, तरी घालतो.

चंद्रभान


नागपूर, ३ मार्च

जयवंता,

घाईत लिहून राहिलो, हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या गाडीवाल्याजवळ देतो. आज पुन्हा एक्स-रे झाला. सगळं ठीक आहे. ठरल्याप्रमाणे परवा सकाळी दोघं येतो.

पाणी मी मान वाकवूनच पिईन. वामनरावांले एकदा आणखी सांगून ठेव की ते डॉक्टरचं आहे. गैरसमज नको.

ग्लास मोठाच ठेव.

चंद्रभान


नागपूर, ८ मार्च

जयवंता,

काल संध्याकाळी घरी पोहोचलो. प्रेमलता थकून झोपली आहे. तू बांधून दिलेले बुंदीचे लाडू मी दुधात कुस्करून खाल्ले, दोन. ठसका लागला नाही.

तू कामात होतीस, तुले सगळं पाहता आलं नसेल, म्हणून लिहून ठेवतो. परवा नव्हे, त्याच्या आदल्या दिवशी, पाच तारखेले, तुझ्या बैठकीत वामनराव स्वतः ग्लास घेऊन आले. केस पूर्ण पांढरे झाले त्यांचे. मले वाटत होतं ते ताठ उभे राहून देतील. ते माझ्यासमोर खाली बसले आणि दोन्ही हातांनी ग्लास पुढं केला. तुझ्या त्या मोठ्या जाऊबाईनं तर पोळी लाटणं सोडून दारात येऊन कमरेवर हात ठेवले.

मी हनुवटी छातीले लावली. एक घोट. घाटी उडाली, दरवान सैल झाला, पाणी गेलं. दुसरा घोट. असे अकरा घोट मोजले मी. अकरा घोट मान खाली. ग्लास रिकामा केला आणि तरी मले मान वर करता येईना. डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं, आणि ते ठसक्याचं नव्हतं.

लोकांत कुजबुज सुरू झाली होती, ती मी ऐकली. वाकला, म्हणून राहिले होते. तेवढ्यात वामनराव उठले आणि मोठ्यानं बोलले, 'कोणी भलतं समजू नका. भाऊची मान डॉक्टरच्या सांगण्यानं वाकून राहिली. माफीबिफी काही नाही. भाऊ माझ्या घरी पाणी प्याले, मले तेवढं बस झालं.'

सगळे हसले, चहा आला, मिनल येऊन माझ्या गळ्यात पडली. मी नुसता मान हलवत बसलो. हो हो, डॉक्टरचं आहे. ज्या माणसाले मी भर मार्केटात लबाड म्हटलं, त्यानं चाळीस माणसांसमोर माझी इज्जत झाकली, आणि मी ती झाकून घेतली. दुसऱ्या दिवशी मांडवात मिनलच्या मागं मामा म्हणून उभा राहिलो, अक्षता पडत होत्या, वामनराव समोरून माझ्याकडे पाहून हसले. मले त्यांच्या नजरेले नजर देता आली नाही.

त्या टेंपोचं तू त्यांले सांगितलं नाहीस, हे मले त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. तू शपथ पाळलीस. आता मी ती सोडवतो. एकोणीस फेब्रुवारीचं माझं पत्र त्यांच्या हातात दे. वाचताना तू बाजूले थांबू नको, त्यांले एकट्यानं वाचू दे. भैयाजीचं नाव, निळा टेंपो, आठ वर्षं, सगळं त्यात आहे.

आणि या पत्रासोबत एक कागद जोडला आहे, तोही दे. तो तीन तारखेच्या एक्स-रेचा रिपोर्ट आहे. इंग्रजीत आहे, मिनलच्या नवऱ्याकडून वाचून घ्या. त्या दिवशी मी सरळ मानेनं पाणी प्यालो, तीनदा, आणि तिन्ही वेळा ते नीट गेलं. सोनिका मॅडमनं प्रेमलतासमोर सांगितलं होतं, काका, व्यायाम लागू पडला, आता मान वाकवायची काही गरज नाही. प्रेमलताले मी गाडीत बसताना गप्प राहायले सांगितलं.

वामनरावांले म्हण, डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं. मान मी वाकवली.

तुझा भाऊ,
चंद्रभान